दुरुस्ती

आमच्या अंकाचं नाव रहाड.
बाहेरगावचे विचारतात, म्हणजे काय?
मी सांगते, जुन्या नाशकात रस्त्याखाली हौद आहेत,
वर्षभर बुजवलेले. वरून रिक्षा, टेम्पो, वराती जातात.
रंगपंचमीला उकरतात, रंग ओततात,
माणसं धप्पा मारतात,
मग पुन्हा माती.
छान, म्हणतात, आणि फोन ठेवतात.

सातपूरला एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर
मी दिवसा जीएसटी भरते.
खाली मशीन पडतं, वर माझा चहा थरथरतो.
साडेसहानंतर तोच संगणक, तीच खुर्ची.
कार्यालय म्हणाल तर एवढंच.

दोंदेकाका नोटांच्या छापखान्यात होते, नाशिकरोडला.
एकतीस वर्षं तावांवरची पुसट शाई, सरकलेला आकडा
हुडकण्यात डोळे गेले.
आता आमची प्रुफं तपासतात.
देशाचा पैसा ज्या हातांखालून गेला
त्या हातांना आम्ही पावशेर चिवडा देतो,
तोही दिवाळीला.
ते म्हणतात, "नोट चुकली तर जाळता येते गं.
मजकूर चुकला तर लोक वाचतात."

मुनीर कोकणीपुऱ्यातला.
लग्नांतून उरलेल्या बॅटरीवर आमचे फोटो काढतो.
वाचकांचे आकडेही तोच सांगतो,
टक्क्यांत नाही, दुतोंड्या मारुतीवर:
"ताई, या महिन्यात घोट्यापर्यंत."
"गुडघ्याला जरा कमी."
कमरेला लागलं ते एकदाच,
मिसळीवर लिहिलं तेव्हा.
दुसऱ्या दिवशी ओसरलं. गाळही राहिला नाही.

सत्तेचाळीस अंक.
एक भद्रकालीतल्या बँडवाल्यांच्या टोप्यांवर,
एक नुसता दुकानांच्या पाट्यांवर,
ज्या रंगवणाऱ्याचा 'श' अर्ध्या गावाला पुरला.
जाहिरात एकदाच आली, प्लॉटिंगवाल्याची.
ज्या द्राक्षबागेवर प्लॉट पाडले
तिचाच फोटो हवा होता त्याला.
मुनीर म्हणाला, कॅमेरा आहे, बाग कुठून आणू?

मार्चमध्ये निरोप आला:
नावाचं नूतनीकरण, सर्व्हरचं भाडं, मुदत शुक्रवार.
मी ठरवलं, राहू दे.
कुणाला सांगितलंही नाही.
बंद करायला काही करावंच लागत नाही
हे मला फार बरं वाटलं.

गुरुवारी फोन.
"मी शैला, सिन्नरहून.
तांबट आळीच्या त्र्यंबकरावांची थोरली.
तुम्ही वडिलांवर लिहिलंय. चांगलंय.
पण त्यात आहे, आई त्यांना मदत करायची.
आई मदत नव्हती करत. आई मठारायची.
वडील झाळायचे, भाव ठरवायचे, गिऱ्हाईकाशी बोलायचे.
घागरीवरचा एकेक ठोका आईचा.
तुम्ही आलात तेव्हा ती चहा करत होती,
म्हणून तुम्हाला तसं दिसलं."

आवाज चढला नव्हता.
भांड्यावर नाव घालून घेताना
माणूस एकेक अक्षर सांगतो, तशी बोलत होती.
मी म्हटलं, हो.
मग म्हटलं, उद्या करते.

उद्या शुक्रवार.
एक शब्द बदलायचा तर
आधी वर्षभराचं भाडं भरा.
दोंदेकाकांना फोन केला. बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "तो ताव माझ्या नजरेखालून गेलाय,"
आणि निम्मे पैसे घेऊन स्वतः आले, सिटीलिंकच्या बसनं,
पाकीट दोनदा मोजून दिलं,
एक नोट उजेडात धरून पाहिली, सवयीनं.

रात्री पान उघडलं.
'मदत करायची' मागून पुसत आणलं,
म तेवढा ठेवला.

सकाळी मुनीर म्हणाला,
काल रात्री एकच वाचक, सिन्नरचा.
पान तीनदा उघडलं.
मारुतीचं विचारलं
तर म्हणाला, "तळवा ओला झालाय, ताई.
तळवा."